थरच्या मुक्कामाचे सामान
जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवरील सम येथील धोरांवर, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, वाटाड्यासोबत मुक्कामी जाणाऱ्यांनी सामान बांधताना उन्हाइतकाच थंडीचाही विचार करावा. कारण कोरड्या हवेत उष्णता अडवणारी वाफ अल्प असल्याने दिवसा तापलेली वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांखाली उतरते. साहजिकच गॉगलसोबत लोकरी टोपीही हवी. उंटाच्या पलाणाला, म्हणजे खोगिराला, कडक सुटकेस बांधणे गैरसोयीचे असल्याने कापडी पिशवी बरी. कॅमेऱ्यात शिरू पाहणारी बारीक रेती मात्र घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीशिवाय आवरत नाही. नाक-तोंड झाकण्यास महागड्या रुमालाऐवजी घरचा सुती पंचाही पुरतो.