लोखंडावर मेंदी

तुकडे घासायला बसलं की पहिला अर्धा तास बरा जातो. तीन सेंटिमीटर लांब, दोन रुंद, एक मिलिमीटर जाड असा माइल्ड स्टीलचा पत्रा; लॅबमध्ये त्याला कूपन म्हणतात. सुरुवात २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ४००, ६००, ८००, १०००, शेवटी १२००. दर वेळी कागद बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे साफ जाईपर्यंत घासत राहायचं. द्रावणं सहा, प्रत्येकात तीन तुकडे, म्हणजे एका फेरीला अठरा. त्या महिन्यात माझ्या बोटांची पेरं इतकी गुळगुळीत झाली की कॉलेजच्या हजेरीच्या मशीनने मला दोनदा ओळखच दिली नाही.

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय सांगायला सोपा होता. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पोलाद किती झिजतं, आणि त्यात मेंदीच्या पानांचा अर्क घातला तर किती वाचतं.

घासलेला तुकडा ॲसिटोनने धुवायचा, वाळवायचा आणि चिमट्यानेच उचलायचा. चिमट्यानेच का, ते मी एकदा बेफिकिरीने शिकले. सहा नंबरचा तुकडा हाताने उचलून ठेवून दिला आणि सुट्टीवर गेले. सोमवारी बघते तर आरशासारख्या पत्र्यावर माझा अंगठा उमटलेला, रेष न् रेष, तांबूस गंजात. घामातलं मीठ तेवढ्याला पुरलं होतं. (मशीनला न सापडलेला ठसा लोखंडाला बरोबर सापडला.)

पुढचं काम तराजूचं. दशांशचिन्हानंतर चार आकडे दाखवणारा तराजू काचेच्या पेटीत असतो; तिचं दार उघडं राहिलं तर पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा डुलतो. नुसत्या ॲसिडमध्ये टाकायचा तुकडा भरला ४.७०१६ ग्रॅम. नायलॉनच्या दोऱ्याने तो बीकरमध्ये सोडला आणि क्षणात सोडा वॉटरसारखे बुडबुडे सुटले. तो हायड्रोजन, लोखंड विरघळत असल्याची वर्दी. शेजारच्या बीकरमध्ये तेच ॲसिड, फक्त अर्कामुळे फिक्या चहाच्या रंगाचं. तिथे तुकड्याच्या कडेला चारदोन बुडबुडे चिकटून बसले, बाकी सगळं शांत. सहा तासांनी पहिला तुकडा ४.६३९६ ग्रॅम, म्हणजे ६२ मिलिग्रॅम गेले. दुसऱ्याचे जेमतेम सहा. हिशेब केला की नव्वद टक्के बचत निघते.

हे होतं कसं? मेंदीच्या रेणूंमधल्या ऑक्सिजनकडे लोखंडाशी सलगी करायला मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ॲसिड जिथे चावणार, नेमक्या त्या जागा हे रेणू अडवून बसतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं. पण ॲसिड तापवलं की रुमाल उडू लागतात. तीस अंशांवरचे नव्वद टक्के साठ अंशांवर माझ्या वहीत बरेच खाली आले होते.

नव्वदचा आकडा कागदावर फार देखणा दिसतो, आणि खरी गोम तिथेच आहे. पानांकडे लोक वळले त्याला सबळ कारण होतं. पाण्याच्या यंत्रणांमध्ये वापरले जाणारे क्रोमेट गंज रोखायला उत्तम, पण त्यातलं क्रोमियम कर्करोग देणारं. मग कडुनिंब झाला, तुळस झाली, केळ्याचं साल, संत्र्याचं साल. परसातलं एखादं झाड सुटलं असेल असं वाटत नाही. मात्र जूनमधलं पान आणि फेब्रुवारीतलं पान सारखंच काम करतं का, हे फारसं कुणी तपासत नाही. माझ्या बाटलीतल्या अर्कावर तर आठव्या दिवशी बुरशी धरली. तेही मी प्रबंधात लिहिलं. सरांनी ते वाक्य काढून टाकलं.

ॲसिडमधली ही बचत कामाची असते कुठे, ते मी एका गॅल्वनायझिंगच्या शेडमध्ये पाहिलं. जस्ताचा मुलामा देण्याआधी पोलादावरची काळी खपली ॲसिडच्या टाकीत बुडवून काढतात. तिथे इनहिबिटरकडून, म्हणजे झीज रोखणाऱ्या द्रव्याकडून, दुहेरी अपेक्षा असते: ॲसिडने खपली खावी, पण खालच्या धातूला तोंड लावू नये. हायड्रोजन पोलादात शिरला तर कणखर पोलादही ठिसूळ होतं, ती भीती वेगळीच. टाकीतलं पाणी विरघळलेल्या लोखंडाने हिरवंगार झालेलं, वर डोळ्यांना झोंबणारी वाफ. माझ्या स्वच्छ बीकरचं आणि त्या टाकीचं नातं दूरच्या भावकीचं होतं. तिथल्या माणसाने माझी मेंदीची गोष्ट ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, “ड्रमने मिळेल का?”

त्या दिवाळीत गुहागरला मामांकडे गेले. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खिडक्यांच्या ग्रिलला कायम तांबूस पोपडे. मामा म्हणाले, “अगं, तुझं ते मेंदीचं पाणी मारूया की यावर.”

“मामा, ते ॲसिडमध्ये घालायचं असतं. ग्रिलवर मारलं तर पहिल्या पावसात वाहून जाईल.”

“मग दिल्लीचा तो खांब कसा राहिला इतकी वर्षं?”

हा प्रश्न येतोच. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर एक चिवट थर धरला. दिल्लीची हवाही गुहागरपेक्षा कोरडी. मामांना यातलं “कोरडी” तेवढं पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तारेचा ब्रश घेऊन ग्रिलला भिडलो. सरळ सळ्या बऱ्या होत्या. गंज धरला होता तो वेल्डिंगच्या सांध्यांत, जिथे खारं पाणी अडून राहतं. तिथे रंग नखाने उचलला की खाली पापडासारखे पदर. ते खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून रेड ऑक्साइडचा हात दिला.

“किती वर्षं टिकेल?” मामांनी विचारलं.

“दर पावसाळ्याआधी सांधे बघायचे आणि लागेल तिथे पुन्हा हात मारायचा.”

“आणि आजवर मी काय करत होतो?” असं म्हणून त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला.