क्रेन पेठेत का येत नाही

पुण्यात एरंडवण्यापासून कोथरूडपर्यंत सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, हिरवी जाळी लावलेलं एखादं बांधकाम दिसल्याशिवाय राहत नाही. त्या जागी आधी उभ्या असलेल्या सोसायट्या काही पडायला आलेल्या नव्हत्या. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं आरसीसी, तीन मजले, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात उतरतंय, एवढीच काय ती तक्रार. तरी त्या पाडल्या गेल्या आणि तिथं दहा-बारा मजले चढतायत. लकडी पूल ओलांडून पेठांत आलं की सगळं उलटं. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा. बाहेर झुकलेल्या भिंतीला लाकडी टेकू, माडीवर निळी ताडपत्री, कडीपाटातून झिरपणारी माती. पावसाळ्याच्या तोंडावर दिंडी दरवाज्यावर महापालिकेची नोटीस लागते. पावसाळा सरतो, नोटीस भिजून गळून पडते, वाडा उभाच असतो.

म्हणजे ज्या इमारतीला आणखी वीस वर्षं काही झालं नसतं ती आधी पडते आणि जी उद्या पडेल तिला कुणी हात लावत नाही. याचं कारण साधं आहे. बिल्डर इमारतीचं वय बघत नाही, कागद बघतो.

कोथरूडच्या सोसायटीत कागद सरळ असतात. चाळीस सभासद, प्रत्येकाचं शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकाच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ करारात लिहिलेलं. जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं असलं की मालक एकच, सोसायटी. सहकार कायद्याच्या कलम 79 अ खाली सरकारने 2009 मध्ये पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आणि 2019 मध्ये ती सुधारली. आता 51 टक्के सभासदांचा होकार पुरतो. भांडणं होतात, वर्षवर्ष चालतात, पण भांडणाऱ्यांची संख्या ठाऊक असते. वाड्यात नेमकी तीच ठाऊक नसते.

वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघावं. बऱ्याचदा त्यावर आजोबांचं, क्वचित पणजोबांचंही नाव सापडतं. त्यानंतर वाटण्या झाल्या त्या तोंडी. एक भाऊ मुंबईला गेला, एक बहीण सोलापूरला दिली, एका घराची मुलं अमेरिकेत. वारसनोंदी राहिल्या त्या राहिल्याच. आज विकायचं म्हटलं तर पंधरा-वीस सह्या लागतात आणि त्यातली एक सही हमखास अशा माणसाची असते ज्याने वाड्यात पाऊलही टाकलेलं नाही, पण आपला एक-बारांश हिस्सा त्याला पक्का पाठ असतो. हे झालं मालकांचं. भाडेकरूंचा मामला याहून जुना आणि जास्त गुंतलेला.

मुंबई राज्याने 1947 मध्ये भाडे नियंत्रण कायदा केला. युद्धानंतरची टंचाई, शहरांकडे येणारे लोंढे, त्यात घरमालकांनी अडवणूक करू नये हा हेतू. भाडं गोठवलं गेलं ते 1 सप्टेंबर 1940 रोजी असेल त्या आकड्यावर. जागा नंतर दिली असेल तर पहिल्यांदा जे भाडं ठरलं त्यावर. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नासहून अधिक वर्षं टिकला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग राज्याने 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आणला, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. आता हिशेब करा. वीस रुपये भाड्याची खोली घ्या आणि दरवर्षी न चुकता चार टक्के वाढवत न्या. पंचवीस वर्षांनी भाडं होतं त्रेपन्न रुपये. तेवढ्यात वाड्याच्या छपरावरची कौलं कोण परतणार?

मालक परतत नाही. भाडेकरूही परतत नाही, कारण वाडा त्याचा नाही. मात्र तो जागा सोडतही नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. भर शहरात, मंडईपासून पाच मिनिटांवर, मुलांची शाळा, देवळं, दवाखाना पायी अंतरावर असताना त्रेपन्न रुपयांची खोली कोण सोडेल? शिवाय ही खोली त्याच्या वडिलांनी पागडी मोजून घेतलेली असते. 1999 च्या कायद्याने भाडेहक्क हस्तांतरित करताना पैसे घेणं-देणं वैध केलं, तेव्हा ही गुंतवणूकच झाली.

या कोंडीत काही मालकांनी वाट काढली ती वाडा पडू देण्याची. कोर्टात भाडेकरूला बाहेर काढायला दोन पिढ्या जातात, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खालची धोकादायक इमारतीची नोटीस ते काम एका पावसाळ्यात करते, हा त्यामागचा हिशेब. अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी करून उतरवता येते. म्हणून नोटीस आली की भाडेकरू आधी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठतो आणि वाडा दुरुस्त होण्याजोगा आहे असा अहवाल आणतो. मालकाचा इंजिनिअर म्हणतो पडेल, भाडेकरूचा म्हणतो टिकेल, आणि वाड्याची भिंत दोघांपैकी कुणाचंच न ऐकता एखाद्या जुलैच्या रात्री बसते.

खरं तर वाडा पडला म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, हा समज चुकीचा आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच स्पष्ट केलं की भाडेकरार फक्त भिंती-छपराचा नसतो, त्याखालच्या जमिनीचाही असतो. बांधकाम गेल्याने तो संपत नाही. निकाल महत्त्वाचा आहे. पण निकाल हातात घेऊन नातेवाइकांकडे सामान टाकलेल्या माणसाला नवं घर मिळायला किती वर्षं लागतील हे निकालात लिहिलेलं नसतं. म्हणून लोक टेकूखालीच झोपतात.

धरून चालू की सगळे वारस एका टेबलाशी बसले आणि भाडेकरूंनीही मान डोलावली. तरी पुढे गणित आहेच, आणि ते एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा तीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल असा प्लॉट आहे. पेठांतले बरेच प्लॉट असेच अरुंद आणि आत लांबवर गेलेले. क्षेत्र तीन हजार चौरस फूट. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा, दोन धरला तर बांधकाम सहा हजार. आत आठ भाडेकरू, रस्त्याच्या अंगाला दोन दुकानं. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निवासी भाडेकरूला किमान 27.87 चौरस मीटर, म्हणजे तीनशे फूट कार्पेट द्यावं लागतं, मग त्याची आजची खोली दीडशे फुटांची का असेना. आठ जणांचे चोवीसशे, दुकानांचे तीनशे. भिंती, जिना, लिफ्ट धरून साडेतीन हजार तिथंच गेले. उरले अडीच हजार. त्यातले निम्मे वारस मागणार. बिल्डरकडे राहिले साडेबाराशे फूट, म्हणजे दोन फ्लॅट. त्यांच्या विक्रीतून त्याने सहा हजार फुटांचं बांधकाम करायचं, दहा जणांना बांधकाम होईपर्यंत बाहेरचं भाडं द्यायचं, महापालिकेचे चार्जेस भरायचे आणि एखाद्या वारसाने दावा ठोकला तर वकीलही पोसायचा.

म्हणून जादा एफएसआय लागतो. नियमावली तो देतेही: प्रीमियम भरून, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) आणून, भाडेकरूंच्या पुनर्वसनापोटी. पण तीस फुटांच्या पट्टीवर तो रचायचा कुठे? वर चढावं तर बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. दोन्हीकडे एकेक मीटर सोडलं की तीस फुटांचे साडेतेवीस उरतात. पेठांत काम करणाऱ्या वास्तुविशारदांची या नियमावलीवर सर्वांत मोठी ओरड होती ती याच मीटरभर जागेवरून. त्यात समोरचा काही भाग रस्तारुंदीत जातो, खाली पार्किंग द्यायचं, अग्निशमनाची गाडी गल्लीत वळली पाहिजे. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. गल्लीत बंब शिरला नाही तर काय होतं हे पेठांना सांगायला नको. पण हे नियम मोकळ्या प्लॉटवर सुचलेले आहेत आणि पेठेत भिंतीला भिंत लागून आहे.

शनिवारवाड्याच्या भोवताली राहणाऱ्यांना हे गणित मांडण्याचीही सोय नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. 2010 च्या दुरुस्तीने हा नियम फार कडक केला. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, नव्याने बांधायला नाही. 1828 च्या आगीत आतले महाल जळून गेलेल्या स्मारकाच्या तटबंदीसाठी शेजारचे राहते वाडे हळूहळू ढासळू द्यायचे, हा न्याय मला पटत नाही. उंचीवर मर्यादा घाला, दर्शनी भाग कसा असावा ते सांगा. सरसकट बंदी हे धोरण नव्हे.

या सगळ्यावर मेट्रो उतारा ठरेल असं बोललं जात होतं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट जुन्या शहराच्या पोटात उघडली. स्थानकापासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात जास्त एफएसआय मिळतो. मात्र तो किती मिळणार हे समोरच्या रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार यांवर ठरतं. लाभ मोठ्या प्लॉटला, रुंद रस्त्याला. सहा मीटरच्या बोळातल्या वाड्याला मेट्रो मिळते ती फक्त बसायला.

मग चार वाडे एकत्र करा, असं कुणीही सुचवेल. बरोबर आहे, पण एका वाड्याच्या वीस सह्या असतील तर चारांच्या ऐंशी होतात. मुंबईत दक्षिणेकडच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. त्याच्या कारभारावर कितीही टीका होवो, दार ठोठावायला एक कार्यालय आहे. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांचा समूह पुनर्विकास उभा राहतोय तो बोहरा समाजाच्या एकाच ट्रस्टने इमारती विकत घेत कागद एका हाती आणले म्हणून. पुण्यात उपकर नाही, मंडळ नाही, तसा ट्रस्टही नाही. इथं सार्वजनिक काम असलं तरी सुटका होत नाही. ज्या भिडे वाड्यात 1848 मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तिथं स्मारक व्हावं याला कुणाचाच विरोध नव्हता. तरी जागेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वाडा उतरवायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर तो पार खिळखिळा झालेला होता.

पेठांत अजिबात काही बांधलं जात नाही असं नाही. पानशेतच्या पुरात, 12 जुलै 1961 ला, नदीकाठचे वाडे कोसळले तेव्हापासून वाड्याच्या जागी अपार्टमेंट येतच आहे, आणि जिथं मालक एक, भाडेकरू दोन-तीन, तिथं आजही येतं. खाली स्टिल्ट पार्किंग, त्यापुढे लोखंडी गेट, वर टू बीएचके. किंमत अशी की जुन्या गल्लीतला पोरगा नोकरीला लागला तरी घेऊ शकत नाही. तो नऱ्ह्याला किंवा मांजरीला बघतो. 2021 मध्ये तेवीस गावं पोटात घेऊन महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी झाली. शहर बाहेर पसरवणं सोपं गेलं, आतलं बांधणं नाही.

नव्या इमारतीत काय बसत नाही हेही बघावं. कसब्यात तांबट आळी आहे. तिथं पुढच्या खोलीत तांब्याच्या भांड्याला मठार द्यायचं आणि मागच्या खोलीत राहायचं, अशी रचना. नियमात जागा एकतर निवासी किंवा व्यापारी. तिसऱ्या मजल्यावरच्या तीनशे फुटांत ऐरण ठेवून ठोकायला बसलात तर खालच्या मजल्यावरचा पहिल्याच दिवशी वर येईल.

आणि कॉट. सदाशिव आणि नवी पेठेत वाड्यांच्या माड्यांवर, जुन्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये, विदर्भ-मराठवाड्यातून एमपीएससीच्या तयारीला आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-सहा लोखंडी कॉट, प्रत्येकीखाली एक पत्र्याची पेटी, भिंतीवर राज्याचा नकाशा, बाथरूम सगळ्यांत एक. सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेस. त्रेपन्न रुपयांच्या खोलीचा भाडेकरू कधीचा सिंहगड रस्त्याला राहायला गेलेला असतो. खोलीत राहतात ती ही मुलं आणि त्यांचं भाडं जातं त्याच्याकडे. पडायला आलेल्या वाड्यांनी या शहरात परवडणाऱ्या घरांची जी सोय करून ठेवली आहे ती एकाही गृहनिर्माण योजनेत मोजलेली नाही.

वाडा बिल्डरकडे गेला की महापालिकेचा माणूस टेप घेऊन येतो आणि प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून यादी करतो. पुढचे सगळे करार या यादीवर होतात. तिच्यात भाडेकरूचं नाव येतं, कारण त्याच्याकडे 1962 ची भाडेपावती आहे. कॉटवरच्या मुलांना मालकीणबाईंनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलेलं असतं की मोजणीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडा, पेट्या शेजारच्या माडीवर ठेवा.