प्रतिजैविके : चिठ्ठीइतकीच तपासणीही हवी

पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर उतारा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. १९६१ मध्येच त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. तेच ‘एमआरएसए’ आज भारतातील रुग्णालयांपुढेही आव्हान होऊन उभे आहेत. हाडात किंवा कृत्रिम सांध्यावर हे जंतू चिकट थर तयार करतात. त्याआड ते औषधाला पुरून उरतात आणि उपचार थांबताच संसर्ग पुन्हा उफाळू शकतो.

भारतात २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची लागू आहे. तिच्यातील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा आखला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्रीविरुद्ध छापे घातले.

मात्र विक्रीवर अंकुश ठेवल्याने चुकीची चिठ्ठी बरोबर ठरत नाही. पू किंवा हाडाच्या नमुन्यातील जंतू कोणत्या औषधाने मरतात, हे तपासल्याविना दिलेले प्रतिजैविक हा अंदाजच असतो. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयांतील सूक्ष्मजीव प्रयोगशाळांसाठी राज्ये किती तरतूद करतात, हीच या धोरणाची खरी कसोटी आहे.