गॅस दोनदा भरला, तरी एसी गरमच : परिकल्पना तपासायची म्हणजे नेमकं काय?

पेट झाली, सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिली गाडी अडते ती परिकल्पनेपाशी. 'परिकल्पना मांडली, डेटा घेतला, परिकल्पना सिद्ध झाली' असं आपण तीन ओळींत उरकतो. ही उडी कुठे फसते, ते आज एका खऱ्या गाडीवरून पाहू.

माझे मामा शहागंजात राहतात. पर्यटकांना वेरूळ, दौलताबाद, अजिंठा दाखवायला गाडी भाड्याने चालवतात. ऐन मे महिन्यात एसी गरम हवा फेकायला लागला आणि दोन भाडी हातची गेली. गॅरेजमध्ये निदान झालं, "गॅस कमी आहे." गॅस भरला, संध्याकाळी जालना रोडवर ट्रायल घेतली, एसी गार. दुसऱ्या दिवशी दुपारी शहागंजच्या घड्याळ टॉवरजवळ गाडी गर्दीत अडकली आणि पुन्हा तीच गरम हवा. मामांनी परत गॅस भरून घेतला. परत तेच. साडेचार हजार रुपये गेले.

आता थांबा आणि स्वतःला विचारा, त्या ट्रायलमध्ये काय काय बदललं होतं? गॅस तर बदललाच, पण ऊनही उतरलं होतं आणि रस्ताही मोकळा होता. तीन गोष्टी एकदम बदलल्या, श्रेय मात्र एकट्या गॅसला मिळालं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाह्य चलांवर नियंत्रणच नव्हतं.

मी मामांना विचारलं, "गार कुठं होतो आणि गरम कुठं?"

"वेरूळच्या रस्त्याला लागलं की फ्रीज. शहागंजात आलं की भट्टी!"

हे निरीक्षण चांगलं आहे, पण घाई करू नका. आधी यंत्र समजून घेऊ. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो.

आता दोन परिकल्पना घ्या. पहिली, गॅस कमी आहे. दुसरी, कंडेन्सरचा पंखा फिरत नाही. गाडी पळत असली की समोरून वारा मिळतो, त्यामुळे पंखा बंद असला तरी निभावतं. पण गॅस थोडा कमी असला तरी असंच होऊ शकतं, कारण पळत्या गाडीत कॉम्प्रेसर जोरात फिरतो. म्हणजे मामांचं निरीक्षण दोन्हींना लागू पडतं. त्याने निवाडा होत नाही!

निवाडा करायचा तर दोन्ही परिकल्पना वेगवेगळं भाकीत करतील अशी जागा शोधावी लागते. ती जागा म्हणजे हाय साइडचा गेज. उभ्या गाडीत इंजिन चालू, एसी चालू. गॅस कमी असेल तर काटा खाली राहील, पंखा बंद असेल तर वर चढेल. (इंजिन बंद ठेवून गेज बघू नका. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा गॅस असेल तर 35 अंशांना तो साधारण 115 पीएसआय दिसतो, मग गॅस पुरेसा असो वा कमी. मोजमाप आहे, पण वैधता नाही.)

दुसऱ्या मेकॅनिककडे दुपारी, उभ्या गाडीत गेज लावला. काटा 300 च्या पुढे गेला. बोनेट उघडून पाहिलं तर कंडेन्सरचा पंखा थंड बसलेला. त्याला बॅटरीचा थेट करंट दिला, फिरला. म्हणजे मोटर चांगली. रिले बदलली आणि एसी लावताच पंखा सुरू झाला. दाब उतरला, तरी हवा तसाच उतरला नाही. का? दोनदा भरलेला जादा गॅस! आपणच केलेल्या उपायाने डेटा बिघडवला होता. तो गॅस मशीनने काढून घेतला, व्हॅक्यूम केलं आणि बोनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच परत भरला. पाइप सैल करून तो हवेत सोडायचा नसतो. त्याने त्वचा गोठून इजा होऊ शकते, शिवाय तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

आणि समजा गॅस खरंच कमी निघाला असता तर? तरी काम संपत नाही. हे बंद चक्र आहे, त्यात गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. साबणाच्या पाण्याने किंवा डायने गळती शोधा, मगच भरा. 'गॅस कमी' हे लक्षण आहे, कारण नव्हे.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. परिकल्पनेखाली तिची एक प्रतिस्पर्धी परिकल्पना लिहा. मग समोर लिहा : माझ्या प्रश्नावलीचं कोणतं उत्तर पहिलीला पाडेल आणि कोणतं दुसरीला? दोन्हीकडे तेच उत्तर येत असेल तर दोनशे फॉर्म भरून घेण्याआधी प्रश्न बदला. नंतर बदलायला गेलात तर वर्ष जातं.

मामा आता ट्रायल भर दुपारी घेतात, तीही शहागंजच्या गर्दीतूनच.