मुलांचे दात आणि उद्याचे दंतवैद्य

मूल पाठ म्हणण्यासाठी तोंड उघडते, तेव्हा उच्चारांबरोबर त्याचे दातही शिक्षकाच्या दृष्टीस पडतात. आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी तिसरीतला एक मुलगा चार दिवस गालाला हात लावून बसत होता. मी वडिलांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "दुधाचा दात आहे गुरुजी, आपोआप पडेल." परंतु तो दात दुधाचा नव्हता. ती पक्की दाढ होती. पुढे त्याला शहरातील एका दवाखान्यात नेले. तेथील तरुण डॉक्टरांच्या हातात कौशल्य होते, यात शंका नाही. पण मुलाशी एक शब्दही न बोलता त्यांनी सुई उचलली, दोघांनी त्याचे हात धरले आणि दाढ निघाली. वेदना गेली, भीती मात्र राहिली. नंतर शाळेत लस टोचण्यासाठी परिचारिका आल्या, तेव्हा तो मुलगा मागचे कुंपण ओलांडून पळाला.

या प्रसंगात दोन अज्ञाने एकत्र आली होती. एक आम्हा वडीलधाऱ्यांचे, दातांविषयीचे. दुसरे त्या तरुण डॉक्टरांचे, बालमनाविषयीचे. दोन्हींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे शिक्षण.

प्रथम आपले अज्ञान पाहू. दुधाचे दात एकंदर वीस. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सर्व वीस दात येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही, म्हणून घरातील माणसे तिला दुधाचीच समजतात. ती एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. दुधाच्या दाढाही उपेक्षा करण्याजोग्या नाहीत. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, मुलाला चावून खाऊ देतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या अकाली काढल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत झुकतात आणि पक्के दात वेडेवाकडे येतात.

आता डॉक्टरांच्या शिक्षणाकडे वळू. आपल्या देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 मध्ये उघडले. बालदंतवैद्यक हा आज पदवी अभ्यासक्रमाचा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे. विद्यार्थी आधी कृत्रिम दातांवर व काढलेल्या दातांवर हात बसवतो आणि मगच रुग्णाच्या खुर्चीजवळ जातो. दुधाच्या दातांचे कवच पातळ असते आणि आतील मज्जा पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे कीड लवकर आत शिरते, आणि कोरताना हात थोडा जरी अधिक चालला तरी मज्जा उघडी पडते. भुलीच्या औषधाचे प्रमाणही मुलाच्या वजनावरून ठरवावे लागते. हे सारे पुस्तकातून आणि सरावातून शिकता येते.

परंतु काढलेला दात रडत नाही. मूल रडते, तोंड मिटते, डॉक्टरांचा हात ढकलते. येथे खरी परीक्षा सुरू होते. 1959 साली ॲडेलस्टन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यांनी या कामाची एक सोपी रीत मांडली, ती आज जगभर शिकवली जाते. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. 'हे यंत्र दातावरची घाण धुते, त्याचा आवाज भुंग्यासारखा येतो' असे मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायचे. मग ते यंत्र त्याच्या नखावर हलकेच फिरवून दाखवायचे. आणि त्यानंतर, जसे सांगितले अगदी तसेच, दातावर काम करायचे. 1962 मध्ये फ्रँकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वागण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. पूर्ण विरोध ही पहिली आणि आनंदाने दिलेले सहकार्य ही चौथी. विद्यार्थी प्रत्येक भेटीत मुलाची पायरी नोंदवतो. पहिल्या पायरीवरचे मूल तिसऱ्या भेटीत तिसऱ्या पायरीवर आले, तर ते त्या विद्यार्थ्याचेही यश असते.

या रीतीचा पाया खरेपणा आहे. 'मुळीच दुखणार नाही' असे सांगून सुई टोचणारा डॉक्टर मुलाचा विश्वास एका क्षणात गमावतो. 'मुंगी चावल्यासारखे वाटेल, मी पाचपर्यंत मोजीन' असे सांगून पाचाला थांबणारा डॉक्टर तो विश्वास मिळवतो. वर्गात आम्हा शिक्षकांचाही हाच अनुभव आहे.

सांगायचे म्हटले की भाषा आली. आमच्या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली नांदतात. शहरातून शिबिरासाठी आलेला विद्यार्थी "नोप्पी उंदा?" असे तेलुगूत विचारतो. गोंडी घरातील चिमुरडी गप्प राहते, आणि तो टिपून घेतो की दुखत नाही. या बाबतीत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यानेच एक धडा घालून दिला आहे. 1943 साली मारलवाई येथे हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. मुलाकडे त्याच्या भाषेतून जावे, हे तेथे ओळखले गेले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने चार बोलींतील दहा-दहा शब्द पाठ केले, तरी त्याच्या खुर्चीवरची अर्धी भीती ओसरेल.

दुसरी अडचण अंतराची. दंतवैद्यक शिकण्यासाठी आमच्या मुलांना हैदराबाद किंवा नागपूरसारखे शहर गाठावे लागते, आणि तेथील सुसज्ज दालनाची सवय झालेला हात पाड्यावर गोंधळतो. त्यावरही तोड आहे. 1980 नंतरच्या दशकात टांझानियात अशी एक पद्धत तयार झाली, की जिच्यात विजेचे यंत्र लागत नाही. हातातील साध्या अवजाराने किडलेला मऊ भाग खरवडून काढतात आणि पोकळी दाताला चिकटणाऱ्या सिमेंटने भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली तिचा पुरस्कार केला. आवाज नाही, बहुधा सुईही नाही. शाळेच्या बाकावरही हे काम होऊ शकते. ही कला प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी गावात येऊन, मुलांमध्ये बसून गिरवली पाहिजे.

आपल्याकडेही काम उरतेच. सहा वर्षे झालेल्या मुलाचे तोंड उजेडात उघडून शेवटची दाढ पाहावी. रात्री दात घासल्यावर गोड देऊ नये. 'ऐकले नाहीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन' ही धमकी तर घरातून कायमची हद्दपार करावी. ज्याला आपण बागुलबुवा ठरवले, त्याच्याच हाती उद्या मुलाला सोपवायचे असते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागे एका शिबिरात तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. स्वतः दारातच उभा राहिला. आत एका विद्यार्थिनीने छोटा आरसा त्या मुलीच्या हाती दिला आणि तिचे दात तिच्याकडूनच मोजून घेतले. मुलगी मोजता मोजता हसली. ते पाहून तोही दोन पावले आत आला.