जुनी सात सीटर गाडी घ्यावी का? आधी हिशेब, मग सौदा

घरात अम्मी-अब्बू, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि मुलं. एका निकाहला जायचं तरी दोन रिक्षा आणि एक मोटारसायकल लागते. मग कुणीतरी म्हणतं, "जुनी इनोव्हा मिळतेय, तीन लाखांत. घेऊन टाकू." मे महिन्याची सुट्टी किंवा ईद जवळ आली की ही चर्चा अनेक घरांत होते. गाडी घेण्यात चूक काहीच नाही. पण जुन्या गाडीची खरी किंमत विकणारा सांगतो तेवढीच नसते. ती किती दिवस लागणार, तिच्या कागदांचं आयुष्य किती उरलंय आणि ती आतून कशी आहे, हे आधी बघायला हवं.

वर्षातले दिवस मोजा

समजा गाडी तीन लाखांची आहे आणि चार वर्षांनी ती 1 लाख 60 हजारांना विकली. म्हणजे वर्षाला 35 हजार गेले. विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि अचानक निघणारं काम मिळून आणखी 35 हजार धरा. डिझेल सोडून वर्षाचे 70 हजार झाले. तुमच्या गावात भाड्याची गाडी डिझेल सोडून दिवसाला साडेचार हजारांना मिळत असेल, तर याच पैशांत ती साधारण 15 दिवस वापरता येते. आपल्या भागातले आकडे घालून हाच हिशेब करा.

वर्षातून चार लग्नं आणि एक सहल असेल, तर भाड्याचीच परवडते. पण घरात डायलिसिसचा पेशंट असेल, दुकानाचा माल आणायचा असेल, तर गाडी कामाची आहे.

कागद आधी, गाडी नंतर

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2011 ची गाडी 2026 मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून कारच्या या नूतनीकरणाची फीच 5 हजार झाली आहे, वर ग्रीन टॅक्स वेगळा. स्वस्त गाडी बऱ्याचदा याच वळणावर विकायला निघते.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवाच. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची आणि फिटनेसची तारीख बघा. ई-चलन थकलेलं असेल तर ते विकणाऱ्याने आधी भरावं. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स हेही खर्चात धरा. गाडीत सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर हवी, आणि सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे गाडी नावावर करणं. "नंतर करू" म्हणून लोक वर्षं काढतात. गाडी विकली पण आरसीवर नाव जुनंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावाच्या माणसावर येते, असं सुप्रीम कोर्टाने 2018 च्या निकालात म्हटलं आहे. म्हणून विकणाऱ्यानेही घाई करावी. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावं.

गाडी कशी बघायची

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. आधीच तापवून ठेवली असेल तर शंका घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जात असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून बघा, खाली दुधाळ थर असेल तर पाणी मिसळलं असण्याची शक्यता आहे.

पुरातली गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण ओढा. आत गाळाचा डाग दिसतो. सीटखालचे नट-बोल्ट आणि मॅटखालचा पत्रा बघा. कोकणात खाऱ्या हवेने गाडी खालून गंजते, म्हणून गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर चढवून बघा. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच.

मेकॅनिक आपला न्या, एजंटचा नको. त्याला पाचशे-हजार द्यावे लागले तरी द्या. टवेरासारखी गाडी असेल तर सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे त्यालाच विचारा. ती बनवणाऱ्या कंपनीने 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केलं.

पैसे कुठून?

जुन्या गाडीच्या कर्जावर व्याज नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतं, आणि आपल्यापैकी अनेकांना व्याज नकोच असतं. मग भिशी किंवा नातेवाइकांची उसनवारी होते. ती लिहून ठेवा: रक्कम, परतीची तारीख, दोन साक्षीदार. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायची ताकीद आहे, भावाभावांतही ती लागू पडते. सगळी बचत गाडीत घालू नका. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी पन्नास हजार बाजूला राहत नसतील, तर अजून थांबा.

आणि एक गोष्ट. सात सीटर म्हणजे सातच माणसं. बारा जण कोंबून निघालात आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. मागच्या सीटला बेल्ट आहे का, तो लागतो का, हे सौद्याआधी बघा. तिथे आपली मुलं बसणार आहेत.