टेकू

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेने निघाले म्हणजे थोड्याच वेळात अर्धापूर लागते. या गावाच्या आसपास केळीच्या बागा दूरवर पसरलेल्या आहेत. केळीची ‘अर्धापुरी’ ही जात या गावाच्या नावानेच ओळखली जाते. घड भरू लागला, की त्याच्या भाराने केळीचे झाड एका अंगास झुकते. मग बागवान त्याला बांबूचा टेकू देतो किंवा त्याचे खोड पट्टीने शेजारच्या झाडाशी बांधतो. कोवळ्या घडाला ऊन लागू नये म्हणून घडावर झाकण घालतो. ही तिन्ही साधने रक्षणाचीच होत. पण झाकणाने झाड सावरत नाही आणि टेकूने ऊन अडत नाही. बांधाचेही एक तंत्र असते. तो फार आवळला तर खोडात रुततो आणि सैल राहिला तर पहिल्याच वावटळीत निरुपयोगी ठरतो.

खेळाडूंच्या अंगावर जी रक्षणाची साधने दिसतात, त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहावे लागते. शाळेच्या मैदानावर खो-खोचा डाव रंगलेला असतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीत आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले असतात. ‘खो’ मिळताच बसलेला गडी क्षणार्धात उसळतो, धावतो, खांबाला वळसा घालतो आणि पळणारा हातून निसटतो आहे असे दिसले, की अंग झोकून सूर मारतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला हे भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. तो सामना मऊ मॅटवरचा होता. गावोगावच्या शाळांतील सामना मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी मातीवरच होतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात निसरडी होते, तर उन्हाळ्यात वाळून टणक होते आणि तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर गुडघे आणि कोपरे सोलवटली, तर त्यात नवल कसले?

आपल्याकडील जुन्या वस्तादांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केला होता. तालमीतील हौदाची लाल माती ते चाळून घेत, तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस आणि हळद मिसळत आणि ती वारंवार खणून भुसभुशीत ठेवत. मल्ल पडणार हे ठरलेलेच. तेव्हा त्याच्या अंगाला गादी बांधण्याऐवजी त्यांनी जमिनीचीच गादी केली. मल्लाच्या अंगावर रक्षणाचे साधन एकच असे, आणि ते म्हणजे लंगोट. मल्लखांबावर तर खेळाडूची त्वचाच लाकडाला पकडते. तेथे गुडघ्यावर कापड चढविले, तर पकड सुटण्याचे भय अधिक! म्हणजे एका खेळात जे उपकारक, ते दुसऱ्या खेळात अडचणीचे ठरू शकते. साधन विकत घेण्यापूर्वी मैदानातील खडे वेचून काढावे आणि सूर मारण्याच्या जागी माती मोकळी करावी, हा उपाय कवडीही न खर्चता होणारा आहे. तो आधी केला पाहिजे.

त्यानंतर साधनाचा विचार. खेळाच्या साहित्याच्या दुकानात ‘नी-कॅप’ मागितली, म्हणजे दुकानदार निरनिराळ्या प्रकारच्या वस्तू पुढे ठेवतो. एकीच्या पुढच्या भागात जाड फोमची उशी असते. आपटणे आणि खरचटणे यांपासून ती गुडघ्याचे रक्षण करते, म्हणून सूर मारणाऱ्या खो-खोपटूस आणि मातीवर कबड्डी खेळणाऱ्यास तीच उपयोगी. दुसरी म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीची साधी नळी. बाहीसारखी ती पायावर चढते आणि सांध्याला सगळीकडून सारखा दाब देते. तिला ‘स्लीव्ह’ असेही म्हणतात. हिच्यात उशी नसते. त्यामुळे गुडघा दगडावर आदळला तर हिचा फारसा उपयोग नाही. तिसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या व बिजागरी असते. ते खेळाचे साहित्य नव्हे, उपचाराचे साधन होय. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ते कोणीही वापरू नये.

ही दुसरी, ताणाची नळी नेमके काय करते, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड येथे एकमेकांवर टेकतात. त्यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चांच्या गाद्या असतात आणि पुढे वाटीचे हाड असते. ही हाडे एकमेकांत खुंटीसारखी बसविलेली नसतात. चिवट अस्थिबंध त्यांना जागेवर ठेवतात आणि मांडीचे स्नायू त्यांना सावरतात. गुडघ्याचा खरा टेकू तो हाच. बाहेरून चढविलेली नळी सांध्याला ऊब देते, सूज थोडी आवरते आणि त्वचेवरील स्पर्शामुळे गुडघा किती वाकला आहे याची जाणीव अधिक स्पष्ट करते. त्यामुळे खेळाडूला धीर वाटतो. परंतु तिने पायात अधिक बळ येते किंवा वेग वाढतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. पाय जोराने पिळवटला, तर अस्थिबंध तुटण्यापासून वाचविण्याइतकी शक्तीही त्या कापडात नसते.

लोक मात्र कित्येकदा साधनापेक्षा त्याच्या रूपावरच भाळतात. ॲलन आयव्हर्सन हा अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू. २००१ च्या सुमारास त्याचे कोपर सुजले होते, म्हणून त्याने हातभर लांब घट्ट बाही घातली. पाहता पाहता ज्यांची कोपरे धडधाकट होती, तेही तशाच बाह्या घालू लागले! बाहीने ऊन आणि ओरखडे अडतात, हे खरे. तेवढ्यासाठी ती घालण्यास हरकत नाही. परंतु थोर खेळाडूची बाही घातल्याने त्याचा नेम आपल्या हाती येत नाही.

साधनाचा प्रकार ठरला, की मापाचा प्रश्न येतो. वय सांगून किंवा अंदाजाने नी-कॅप कधीही घेऊ नये. शिंप्याची मापपट्टी घ्यावी आणि वेष्टनावर जेथे सांगितले असेल तेथेच, म्हणजे वाटीच्या मध्यावर किंवा तिच्या किंचित वर, पायाचा घेर मोजावा. नंतर वेष्टनावरील तक्त्यात तो आकडा पाहावा. घालून पाहिल्यावर खो-खोच्या पाटीत बसावे तसे बसावे, उठावे आणि चार पावले धावावे. नळी घरंगळत पोटरीवर आली, तर ती सैल आहे. पायाला मुंग्या आल्या, बोटे गार किंवा निळसर पडली, अथवा गुडघ्यामागे कापड चुरगळून रुतू लागले, तर ती घट्ट आहे, लगेच काढावी. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून एक माप मोठी घेण्याचा मोह घरोघरी होतो. कपड्यांच्या बाबतीत ही काटकसर शोभते. येथे मात्र पैसे वायाच जातात.

कापडाकडेही लक्ष द्यावे. रबरासारख्या जाड निओप्रीनची नी-कॅप ऊब चांगली धरून ठेवते. पण मराठवाड्याच्या उन्हात तिच्याखाली घाम साचतो आणि घामोळे उठते. हवा खेळेल अशी विणलेली नी-कॅप येथे अधिक सोयीची. खेळ संपताच ती काढावी, साध्या साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. कडक उन्हात तिचा ताण लवकर मरतो. संघासाठी चारच नी-कॅप असतात आणि त्या घामेजलेल्या स्थितीतच या गड्याच्या पायातून त्या गड्याच्या पायात जातात, असे कित्येक शाळांतून दिसते. गजकर्णासारखे त्वचेचे रोग पसरण्यास याहून सोपी वाट नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. समजा, तालुक्याचे सामने आठ दिवसांवर आले आहेत आणि संघातील एका मुलीचा गुडघा पंधरवड्यापासून दुखतो आहे. सांगितले तर संघातून नाव जाईल, या भीतीने ती कोणाला काही बोलत नाही. नी-कॅप चढवून दुखणे झाकते. सरावाच्या वेळी ऊब आल्यामुळे तिला बरे वाटते, रात्री मात्र गुडघा ठणकतो. दहा ते पंधरा या वयांत हाडे वाढीस लागलेली असतात. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर जेथे मांडीच्या स्नायूंची दोरी चिकटते, तो भाग या काळात पुरता टणक झालेला नसतो. फार उड्या व धावा झाल्या, की तेथे ताण पडून सूज येते. वेळीच विसावा घेतला आणि मांडीचे स्नायू ताणण्याचे व बळकट करण्याचे व्यायाम केले, तर हे दुखणे बहुधा बरे होते. ते झाकून खेळत राहिले, तर आठवड्यांचे काम महिन्यांवर जाते. या मुलीने त्याच संध्याकाळी आपल्या शिक्षकांना सांगितले पाहिजे आणि शिक्षकांनीही रागावता कामा नये.

गुडघा किती मोलाचा असतो, हे खाशाबा जाधवांच्या आयुष्यावरून कळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांना उतरता आले नाही. तेथे कोणत्या पट्ट्याने काम भागणार होते?

खेळताना गुडघा किंवा घोटा मुरगळला, तर नी-कॅप चढवून पुन्हा मैदानात धावू नये. खेळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. बर्फ नसेल तर माठातील गार पाण्याची घडी चालते. नंतर क्रेप बँडेज खालून वर, म्हणजे पावलाकडून मांडीकडे, गुंडाळावे. वेढे एकसारखे असावेत व बोटे उघडी ठेवावीत, म्हणजे रंग बदलला तर दिसेल. पाय उशीवर उंच ठेवावा. गुडघा तासा-दोन तासांत फुगला, पायावर भार देववेना, सांधा अडकून बसला किंवा आतून काही तुटल्याचा आवाज आला असेल, तर चोळणे, ओढणे किंवा ‘बसविणे’ यांपैकी काहीही कोणाकडूनही करून घेऊ नये. त्याच दिवशी गावच्या सरकारी दवाखान्यात जावे आणि तेथील डॉक्टरांनी सांगितल्यास नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. जाताना पाय शक्यतो न वाकविता गाडीत आडवा ठेवावा आणि नी-कॅप घरीच असू द्यावी.